प्रतापनगरचा रस्ता आणि गोयागेटची नॅरोगेज: १८६२, १८७३ की १८८०?

गेंडीगेटकर

नमस्कार मंडळी. मांडवीहून गेंडीगेट, चोखंडी करत प्रतापनगर स्टेशनाकडे उतरणाऱ्या रस्त्याचा नकाशा करतोय, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. दोन पानं मिळाली आहेत. रस्त्याच्या टोकाला जी नॅरोगेज होती तिच्यावर एक चौकट टाकायची आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

"भारतातली पहिली नॅरोगेज १८६२ साली बडोद्याच्या गोयागेटहून सुटली" असं जो तो सांगतो (गोयागेट म्हणजे आजचं प्रतापनगर स्टेशन). एका जुन्या टिपणात साल १८७३ आहे. आणखी एका ठिकाणी १८८० आहे आणि तिथे डबे ओढणाऱ्या बैलांचा उल्लेखच नाही. कोणतं खरं धरायचं?

दुसरं म्हणजे, आज तिथे ब्रॉडगेज आहे. जुनी लाइन अगदी त्याच जागेवर होती, की थोडी सरकून? हे जागेवर जाऊन किंवा नकाशावरून ओळखता येतं का? त्या भागात कुंपणाला आणि फाटकांना जुन्या रुळांचे खांब बरेच दिसतात. त्यावरून काही सिद्ध होतं का?

जुना_रूळ

तिन्ही सालं खरी आहेत. फक्त ती एका जागेची नाहीत आणि एका घटनेचीही नाहीत. त्यांची खिचडी झाली की "गोयागेट, १८६२" तयार होतं, आणि ते मात्र चूक आहे.

१८६२ ची लाइन डभोई ते मियागाम. बडोदा शहराचा तिच्याशी रुळाने काही संबंध नव्हता. गायकवाड संस्थानिक खंडेराव महाराजांचा काळ. बी. बी. अँड सी. आय. ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) मोठी लाइन १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत आली होती आणि मियागाम हे तिच्यावरचं, बडोद्याच्या दक्षिणेचं स्टेशन. डभोई पट्ट्यातला कापूस जाणार दक्षिणेला, सुरत-मुंबईकडे. अमेरिकेत यादवी पेटलेली, त्यामुळे कापसाचे भाव चढलेले. असा माल आधी वर बडोद्याला आणायचा आणि मग पुन्हा मियागामवरूनच खाली न्यायचा, हे कुठल्याही व्यापाऱ्याला पटलं नसतं. म्हणून डभोईहून सरळ मियागाम, सुमारे ३३ किलोमीटर. आपला प्रतापनगरचा रस्ता त्या चित्रात नाहीच.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ मात्र वाराला १३ पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. यावर इंजिन घालणं शक्य नव्हतं, म्हणून डबे बैल ओढायचे. १८६३ मध्ये नीलसन कंपनीचं इंजिन आणलं, पण रूळ त्याचं वजन पेलेनात. "बैलांची रेल्वे" म्हणून लोक हसतात, पण हा मागासलेपणा नव्हता, हिशोब होता. ३३ किलोमीटरच्या दोन रुळांना १३ पौंडी लोखंड सुमारे ४२५ टन लागतं. पुढे नॅरोगेजवर सर्रास दिसणारा ५० पौंडी रूळ घातला असता तर तेच १,६०० टनांच्या वर गेलं असतं.

१८७३ मध्ये, मल्हाररावांच्या कारकिर्दीत, तीच डभोई–मियागाम लाइन जड रुळांनी नव्याने टाकून उघडली. काही याद्यांत गायकवाडांच्या रेल्वेचा जन्म १८७३ दिलेला असतो तो यामुळे. इंजिन चालेल असा रस्ता तेव्हा झाला, तरी बैल लगेच सुटले नाहीत. नियमित इंजिनं आली ती १८८० च्या सुमारास.

आता तुमचा रस्ता. १८७९ ते १८८१ या काळात, सयाजीराव तिसरे गादीवर आल्यानंतर, डभोईहून फाटे फुटले: चांदोद, बहादरपूर, आणि बडोद्याच्या दक्षिण वेशीवरचं गोयागेट. गोयागेटहून मग विश्वामित्रीपर्यंत जोडणी झाली, म्हणजे मोठ्या लाइनीला हात मिळाला. तेव्हा चौकटीत लिहायचं ते असं: पहिली नॅरोगेज डभोई–मियागाम, १८६२, बैलांची, गोयागेटला गाडी आली ती १८८० च्या सुमारास, इंजिनाची. गोयागेटच्या धक्क्यावर बैलगाड्या खूप असतील, पण रुळावर बैल जोडलेली गाडी तिथून सुटत होती असं चित्र काढू नका. चित्रकार हमखास काढतात!

रस्त्याचं रूप बदललं ते मात्र स्टेशनापेक्षा कारखान्यामुळे. मार्च १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्या हस्ते गोयागेटला रेल्वे वर्कशॉपची पायाभरणी झाली. १९२१ मध्ये संस्थानाने आपल्या लाइनींचा कारभार बी. बी. अँड सी. आय. कडून स्वतःकडे घेतला आणि गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वेचा मुख्य पसारा इथे उभा राहिला. वेशीबाहेर जाणारा रस्ता होता, त्याची आता कचेरीची आणि कारखान्याची वाट झाली. १९४९ मध्ये ही रेल्वे बी. बी. अँड सी. आय. मध्ये विलीन झाली, ५ नोव्हेंबर १९५१ ला पश्चिम रेल्वे झाली. आजही रेल्वेच्या वडोदरा विभागाचं डीआरएम (विभागीय व्यवस्थापक) कार्यालय प्रतापनगरलाच आहे, मोठ्या स्टेशनाजवळ नाही. नव्या माणसाला याचं नवल वाटतं, त्याचं कारण या इतिहासात आहे. लालबागच्या प्रताप विलासात १९५२ पासून रेल्वे स्टाफ कॉलेज आलं, तेही याच पट्ट्यात.

प्रतापनगर हे गोयागेट स्टेशनाचं नंतरचं नाव. जुन्या नकाशात "प्रतापनगर" शोधत बसू नका, मिळणार नाही.

कंपूवाला (ग्वाल्हेर)

एक भर, कारण दिवाळी अंकात ही चूक हटकून होते. "नॅरोगेज" म्हटलं की लोक आमच्या शिंदेशाही छोट्या गाडीचं माप बडोद्याला लावतात. ग्वाल्हेर लाइट रेल्वे २ फुटी, ६१० मिलिमीटर. बडोद्याची अडीच फुटी, ७६२. दोन्ही नॅरोगेज, पण एकीचा डबा दुसरीवर चालणार नाही. आणि इंदूरला होळकर स्टेट रेल्वे मीटरगेज, १,००० मिलिमीटर. तिच्यासाठी तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. तीन मराठी संस्थानं, तीन गेज. मराठी माणसाचं एकमत कुठे झालंय म्हणा.

तसंच "जगातली सर्वांत लांब दोन फुटी लाइन" हे ग्वाल्हेर–श्योपूरचं बिरूद आहे (सुमारे २०० किलोमीटर, १९०९ मध्ये श्योपूरला पोचली). ते डभोईला चिकटवू नका. डभोईचं वैशिष्ट्य वेगळं: एकाच जंक्शनातून चहूबाजूंना नॅरोगेज फुटलेली.

गँगमन_नंबर_७

इतिहास वर आला, त्यामुळे जागेवरच्या खुणांबद्दल लिहितो.

आधी खांबांचं. रुळाच्या खांबावरून तिथे लाइन होती हे सिद्ध होत नाही. रेल्वेचा भंगार रूळ लिलावात जातो आणि कुठेही खांब, तुळई, दुकानाची चौकट होऊन उभा राहतो. पण तो कुठल्या जातीचा रूळ आहे हे नक्की कळतं. टेपने उंची मोजा, बुडापासून माथ्यापर्यंत. ५० आर म्हणजे वाराला ५० पौंड, उंची सुमारे १०५ मिलिमीटर, बूड १०० रुंद. ६० आर ११४ उंच, ७५ आर जवळजवळ १२९, ९० आर १४३. नॅरोगेजचा नेहमीचा रूळ ५० आर किंवा त्याहून हलका. ७५ चा बहुतेक मीटरगेजचा, ९० चा ब्रॉडगेजचा. गुजरातभर मीटरगेज उखडली गेली आहे, त्यामुळे बडोद्यात मीटरगेज कधी नव्हती तरी ६० आणि ७५ पौंडी खांब मिळाले तर दचकू नका. माथा झिजलेला असतो, म्हणून उंचीत ५–६ मिलिमीटरची तूट धरा. बूड गंजलं नसेल तर बुडाची रुंदी जास्त भरवशाची. खांब जमिनीत पुरलेला असला तरी उंची म्हणजे खांबाची लांबी नव्हे, छेदाची उंची. ही गफलत होते म्हणून लिहिलं.

रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, महिना (बहुधा रोमन आकड्यांत), साल, वजनाची जात. रंगाचे थर असतील तर खरवडू नका, त्यात अक्षरंच जातात. संध्याकाळी विजेरी अगदी आडवी धरली की सावलीत वाचता येतं. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आणि ते साल रूळ लाटल्याचं, टाकल्याचं नव्हे. मुख्य लाइनीवर पंधरा-वीस वर्षं झिजलेला रूळ मग फाट्यावर जाई, तिथून यार्डात, तिथून भंगारात. १९१२ चा रूळ मिळाला म्हणून "१९१२ ची लाइन" लिहिणारे खूप आहेत. १८६२ चा १३ पौंडी रूळ बडोद्यात सापडेल ही आशा तर सोडूनच द्या.

लाकडी स्लीपरचे (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांचे) तुकडे पायऱ्यांना, उंबऱ्यांना वापरलेले दिसतात. नॅरोगेजचा पूर्ण स्लीपर दीड मीटरचा (१५२०×१५०×१०० मिलिमीटर), ब्रॉडगेजचा पावणेतीन मीटरचा. पण ब्रॉडगेजचा कापून दीड मीटर करता येतो, म्हणून लांबीवर जाऊ नका. जाडी-रुंदी बघा (ब्रॉडगेजची २५०×१३०) आणि खिळ्यांच्या भोकांमधलं अंतर बघा.

सीमेचे दगड मिळाले तर सोन्याहून पिवळे. दगड सहसा उचलून नेत नाहीत. त्यावर जीबीएसआर (गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे) अशी रोमन अक्षरं असली तर १९४९ पूर्वीचा. मात्र दगड लाइनीचा मध्य सांगत नाही, जमिनीची हद्द सांगतो. आणि स्टेशनाजवळ हद्द एका बाजूला फार पसरट असते.

आता लाइन सरकली का. नॅरोगेजचं सगळं गुपित वळणात आहे. आपल्या नियमांत ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, म्हणजे त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी नाही. मीटरगेजला १६ अंश, १०९ मीटर. नॅरोगेजला तब्बल ४० अंश, म्हणजे ४४ मीटर. (अंशांनी १७५० ला भागा, त्रिज्या मीटरमध्ये मिळते.) गेज बदलताना सरळ भागात जुन्याच भरावाला दोन्ही बाजूंनी माती देऊन रुंद करतात, नॅरोगेजचा भराव माथ्याला पावणेचार मीटरच्या आसपास, ब्रॉडगेजला जवळजवळ दुप्पट लागतो. म्हणून सरळ भागात जुनी लाइन नव्या लाइनीच्या पोटात गडप होते आणि खूण राहत नाही. तीव्र वळणावर मात्र नव्या लाइनीला आतून किंवा बाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि जुन्या वळणाची चंद्रकोरीसारखी पट्टी शिल्लक राहते. कधी ती गल्ली होते, कधी नाला, कधी वाकड्या कुंपणाची ओळ. शोधायचं ते हेच. प्रतापनगर ते विश्वामित्री, आणि प्रतापनगरहून केलनपूरकडे बाहेर पडतानाचा भाग, हे दोन तुकडे आधी घ्या.

वळण मोजायची रीत जुनीच. वळणाच्या कडेवर दोन बिंदू घ्या, मधे दोरी ताणा (ही जीवा), दोरीच्या मध्यापासून वळणाच्या कडेपर्यंत काटकोनात अंतर मोजा. त्रिज्या = जीवेचा वर्ग भागिले (८ गुणिले ते अंतर). २० मीटरच्या दोरीला १.१४ मीटर आलं तर ४४ मीटर त्रिज्या, शुद्ध नॅरोगेज. २९ सेंटिमीटर आलं तर १७५, म्हणजे ब्रॉडगेजसुद्धा तिथून जाऊ शकते आणि तुमचा पुरावा ढिला झाला.

चालू लाइनीवर हे करू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रुळाचा तुकडा "आठवण" म्हणून उचलणं तर त्याहून महागात पडतं, त्याला १९६६ चा वेगळा कायदा आहे. पुलावरून आणि बाहेरच्या रस्त्यावरून पुरेसं दिसतं. इंजिनं आणि डबे जवळून बघायचे असतील तर प्रतापनगरलाच नॅरोगेजचं हेरिटेज पार्क आणि संग्रहालय आहे. तिथे ७६२ चं गेज टेप लावून मोजा, म्हणजे पुढे नजर बसते.

जुना_रूळ

नकाशांचं राहिलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या इंचाला मैल पत्र्यांत (नकाशाच्या तावांत) बडोदा ४६ एफ/३ वर येतं, डभोई ४६ एफ/८ वर, मियागाम ४६ एफ/४ वर. तिन्ही घ्या. एकच पत्रा घेतला की लाइन कडेला तुटते आणि पुढचा अंदाज माणूस मनाने काढतो.

दोन सापळे आहेत. त्या नकाशांत ब्रॉडगेजला एक खूण आणि "इतर गेज" सगळ्यांना मिळून दुसरी. म्हणजे खुणेवरून मीटर की नॅरो हे कळत नाही. दुसरं, मोजणीचा पाया. जुने पत्रे एव्हरेस्टच्या गोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहेत, मोबाइलचा नकाशा डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. नुसते अक्षांश-रेखांश जुळवले की आख्खी लाइन बाजूला सरकते, आणि मग "लाइन हलवली होती" असा शोध लागतो. त्याऐवजी न हललेल्या वास्तू घेऊन त्यांवर पत्रा जुळवून बसवा: मांडवी, लहरीपुरा दरवाजा, लक्ष्मीविलास राजवाडा, मकरपुरा राजवाडा, असे किमान सहा बिंदू, चारी बाजूंना पसरलेले. सगळे कोटाच्या आतले घेतलेत तर प्रतापनगरकडची बाजू डुलत राहील. नदीचं वळण किंवा तळ्याचा काठ बिंदू म्हणून घेऊ नका.

आणि अपेक्षा माफक ठेवा. इंचाला मैल म्हणजे १:६३,३६०. कागदावरची अर्धा मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर ३२ मीटर होते. लाइन दहा मीटर सरकली का, हे या नकाशातून कधीच निघणार नाही. त्यासाठी वरची दोरीची रीत, नाहीतर सिटी सर्व्हेचा नकाशा.

गेंडीगेटकर

मंडळी, खूप आभार. चौकटीतलं वाक्य बदललं. गोयागेटचे बैल वगळले.

प्रतापनगरच्या बाहेर एक वाकडी गल्ली उपग्रहाच्या चित्रात दिसते, आजच्या रुळांपासून फुटून परत त्यांनाच मिळणारी. चित्रावरच मोजलं: ६० मीटर जीवेला मधे ३ मीटर. सूत्राने त्रिज्या १५० येते. १७५ च्या आत, म्हणजे ब्रॉडगेज तिथून जाऊ शकत नाही. मग ही जुनी नॅरोगेज असं लिहू का?

आणि चांदोदचा फाटा चौकटीत घ्यावा का? आपल्या वाचकांत नर्मदेला जाणारे बरेच आहेत.

गँगमन_नंबर_७

अजून नका लिहू. उपग्रहाच्या चित्रावर गल्लीची कड अर्धा मीटर इकडे-तिकडे वाचली जाते. ३ च्या जागी २.५ धरलं तर त्रिज्या १८०, ३.५ धरलं तर १२९. एकाने ब्रॉडगेज बसते, दुसऱ्याने नाही. मोजमाप तुमचं, पण निकाल अर्ध्या मीटरच्या चुकीच्या हातात.

जीवा वाढवा. ९० मीटरची घेतलीत आणि त्रिज्या खरंच १५० असेल तर मधलं अंतर पावणेसात मीटर यायला हवं. तिथे अर्धा मीटर चुकला तरी त्रिज्या १४० ते १६२ मध्येच राहते, १७५ ला शिवत नाही. शिवाय एकाच ठिकाणी मोजू नका. जीवा १५–१५ मीटर पुढे सरकवत चार-पाच वेळा मोजा. रेल्वेचं वळण एकसारखं असतं, आकडे साधारण तेच येतील, टोकांना हळूहळू कमी होतील. गल्ली किंवा ओढा असेल तर आकडे वरखाली उड्या मारतील. आणि गल्लीची आतली कड घेतली असेल तर शेवटपर्यंत आतलीच घ्या. घरांचे ओटे पुढे आलेले असतात, ते मोजण्यात धरू नका.

चढही बघा. गल्लीत पाणी कुठे साचतं, पायऱ्या आहेत का. रुळाच्या जागेवर एकदम चढ-उतार नसतो.

जुना_रूळ

चांदोद जरूर घ्या, दोन ओळी. डभोई–चांदोदची नॅरोगेज १८७९ ची. चांदोद-कर्नाळीला श्राद्धाला, नर्मदास्नानाला जाणाऱ्या बडोदेकरांची वाट पुढे हीच झाली: गोयागेटला बसायचं, डभोईला गाडी बदलायची. आता तो फाटा ब्रॉडगेज होऊन केवडियापर्यंत वाढला, १७ जानेवारी २०२१ ला सुरू झाला, आणि प्रतापनगरहून थेट गाडी मिळते. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणाऱ्यांनाही तोच सोयीचा.

पादरा-जंबुसरची नॅरोगेज मात्र या चौकटीत कोंबू नका. तीही प्रतापनगरहूनच निघायची, ५१ किलोमीटर, पण ती विश्वामित्री ओलांडून पश्चिमेला जाते; तुमच्या रस्त्याशी तिचा संबंध स्टेशनापुरता. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातेतल्या ज्या पाच नॅरोगेज लाइनी जतन करायचं जाहीर केलं, एकूण २०४ किलोमीटर, त्यांत ती होती, डभोई–मियागामही होती. अंकात जागा मिळाली तर तिच्यावर वेगळं पान करा, पादऱ्याचा जुना रस्ता धरून.

गेंडीगेटकर

९० मीटरने पाच ठिकाणी मोजलं, आतली कड धरून: ६.४, ६.९, ६.७, ६.८, आणि शेवटचं ५.१.

गँगमन_नंबर_७

पहिले चार एकजात. शेवटचं कमी आलंय ते वळण जिथे सरळीला मिळतं तिथलं, तसंच यायला हवं. त्रिज्या दीडशेच्या आसपास, सुमारे पावणेबारा अंश. ब्रॉडगेजची नव्हे, आणि रस्ता इतका नेमका वळत नाही. नकाशावर तुटक रेघ मारा, शेजारी "जुन्या नॅरोगेजची संभाव्य जागा" लिहा. "संभाव्य" काढायचा तो सिटी सर्व्हेच्या नकाशात ती पट्टी रेल्वेच्या नावावर दिसली की मगच.